वेदीजवळ उभा असतो तो कोणाचा माणूस?

रविवारची मिस्सा, म्हणजे आम्हा कॅथलिकांची उपासना, संपल्यावर चर्चच्या आवारात जो घोळका रेंगाळतो, त्याला गेले तीन महिने दुसरा विषय नाही. मुलींनी वेदीसेवा करावी की नाही? आमच्या धर्मग्रामात मुली वेदीवर आल्याच नव्हत्या असं नाही. आठवड्यातल्या सकाळच्या मिस्सेला, मुलगे अंथरुणात असतात तेव्हा, त्यांनीच घंटा वाजवली, त्यांनीच पाणी आणि द्राक्षारस आणून दिला. तेव्हा कोणाचा धर्म बुडाला नाही. पण ईस्टरच्या रात्री धूपदान एका मुलीच्या हातात देऊ या, असं कोणीतरी सुचवलं आणि दोन तट पडले. एक तट म्हणतो, वेदी ही उद्याच्या फादरांची रोपवाटिका आहे, तिथे मुलींचं काय काम? दुसरा म्हणतो, जग कुठे गेलं बघा, मुलींना त्यांचा हक्क द्या. गेल्या बैठकीत तर एकाने थेट काळारामाचा सत्याग्रह काढला. मग चहा गार होईपर्यंत कोणी कोणाचं ऐकेना.

मी मुलींच्या बाजूचा आहे. त्यांची बाजू ज्या तऱ्हेने मांडली जाते, तिच्या बाजूचा मात्र नाही. दोन्ही तटांनी एक गोष्ट न बोलता मान्य करून टाकली आहे: वेदीजवळ उभं राहणं हा मान आहे, फादरांच्या खालोखालची पायरी आहे. भांडण आहे ते त्या पायरीवर कोणी चढायचं एवढंच. माझं म्हणणं असं की ती पायरीच नाही. वेदीसेवक, वाचक, कम्युनियन म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर वाटणारा, गायनमंडळ, दारात उभा राहून जागा दाखवणारा, यांतला कोणीही फादरांचा मदतनीस नसतो. तो मंडळीचा माणूस असतो, मंडळीने पुढे पाठवलेला. हे एकदा पटलं की मुलगा की मुलगी हा वाद आपोआप बारीक होतो आणि ज्या प्रश्नाकडे कोणी बघत नाही तो समोर येतो: ज्यासाठी पाठवलं, ते काम होतंय का?

सुरुवात कुठून झाली ते बघा. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात तक्रार आहे ती चक्क पंगतीची. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होत होतं. वाढपी ओळखीचा असला की शेवटच्या रांगेतही पोटभर मिळतं, हे आपल्याला लग्नाच्या मांडवात कळतं. यरुशलेमेतल्या त्या बायकांना ते उलट्या बाजूने कळत होतं. त्यावर प्रेषितांनी काय केलं? मंडळीलाच सांगितलं, तुमच्यातले सात जण निवडा. निवड मंडळीची, हात ठेवणं प्रेषितांचं. चर्चमधल्या मदतीच्या कामाची ही पहिली नेमणूक, आणि ती वेदीसाठी झाली नाही, वाढप नीट व्हावं म्हणून झाली. इ. स. २५१ मध्ये पोप कर्नेलियस यांनी एका पत्रात रोमच्या मंडळीची मोजदाद दिली आहे: ४६ धर्मगुरू, ७ डीकन, ७ उपडीकन, ४२ अकोलाइट, आणि भूत काढणारे, वाचक, द्वारपाल असे मिळून ५२. त्याच वाक्याच्या ओघात पुढे आकडा येतो तो मंडळी सांभाळत असलेल्या पंधराशेहून जास्त विधवा आणि गरजूंचा. म्हणजे सेवकांची यादी आणि ज्यांची सेवा करायची त्यांची यादी एका दमात सांगितली जात होती. आज आपल्या सूचनाफलकावर पहिली यादी असते. दुसरी कुठे असते?

अकोलाइट म्हणजे मागून चालणारा, सोबत राहणारा. इ. स. ४१६ मधलं पोप इनोसंट पहिले यांचं एक पत्र आहे. त्यातून कळतं की रोममध्ये बिशपांच्या मिस्सेतला पवित्र भाकरीचा तुकडा रविवारी शहरातल्या इतर चर्चमध्ये पोचवायचं काम अकोलाइट करत. पायी, गल्ल्यांतून. वेदीसेवकांचा आश्रयदाता संत तार्सिसियस, ज्याचं चित्र आपल्याकडे साक्रिस्टीत, म्हणजे मिस्सेच्या तयारीच्या खोलीत, लावतात, तोही वेदीपाशी मेला नाही. ख्रिस्तशरीर, म्हणजे तीच पवित्र भाकर, घेऊन जाताना रस्त्यावर मारला गेला. तो पोरसवदा होता असं परंपरा सांगते. परंपरेचं सोडा, दिशा बघा: वेदीकडून माणसांकडे. आपण ती दिशा उलटी करून बसलो आहोत. आपल्या लेखी सेवक म्हणजे माणसांतून उठून वेदीकडे सरकलेला.

माझे वडील संगमनेरकडच्या एका खेड्यात वेदीसेवक होते, लॅटिन मिस्सेच्या काळात. म्हातारपणी नाव आठवेना, पण ‘आद देउम क्वी लेतिफिकात युवेन्तुतेम मेआम’ हे एका दमात म्हणून दाखवत. माझ्या तारुण्याला आनंद देणाऱ्या देवाकडे, असा त्याचा अर्थ. नऊ वर्षांच्या पोराने ते म्हणायचं आणि साठीच्या फादरांनी ऐकायचं, यातली गंमत त्यांना खूप नंतर कळली. पण मुद्दा असा की हे वाक्य त्यांचं नव्हतंच. ते मंडळीचं उत्तर होतं. मंडळीला लॅटिन येत नव्हतं, म्हणून एका पोराला पाठ करून घेऊन तिच्या वतीने उभं केलेलं. ज्यांना जुन्या पद्धतीचा अभिमान आहे त्यांनी हे विसरू नये की त्या पद्धतीतसुद्धा वेदीसेवक बोलायचा तो लोकांच्या तोंडाने.

आणि स्त्रिया? १९१७ च्या धर्मसंहितेत ८१३ वा नियम आहे. उत्तर देणारा सेवक असल्याशिवाय धर्मगुरूने मिस्सा करू नये, आणि तो सेवक स्त्री नसावी. पण पुरुष मिळत नसेल आणि तसंच कारण असेल, तर स्त्रीने दुरून उत्तरं द्यावीत, वेदीजवळ मात्र अजिबात येऊ नये. मला हा नियम फार बोलका वाटतो. कायदा करणाऱ्यांनाही कळत होतं की मिस्सेला मंडळीचा आवाज लागतो, आणि तो आवाज बाईचा असला तरी मिस्सा मिस्साच राहते. अडचण आवाजाची नव्हती, पावलांची होती. मग जिचं उत्तर देवाला चालतं, तिचं पाऊल न चालण्याचं कारण वेदीत शोधायचं की आपल्यात?

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेच्या दस्तऐवजात सेवक, वाचक, गायक हे खरीखुरी उपासना-सेवा बजावतात असं लिहिलं, आणि उत्तरं लोकांना परत दिली. १९७२ मध्ये पोप पॉल सहावे यांनी जुन्या खालच्या दीक्षा बंद करून वाचक आणि अकोलाइट या दोन सेवा प्रापंचिकांसाठी, म्हणजे दीक्षा न घेतलेल्या साध्या ख्रिस्ती माणसांसाठी, खुल्या केल्या, पण पुरुषांपुरत्या. १९९४ मध्ये मुलींना वेदीसेवेची परवानगी आली. निर्णय त्या त्या बिशपांवर सोडला. जानेवारी २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी वाचक आणि अकोलाइट या विधिवत सेवा स्त्रियांनाही खुल्या केल्या. तेव्हा ‘चर्चला मान्य नाही’ हे वाक्य आवारात उच्चारण्याआधी एकदा तारखा बघाव्यात.

आता समोरच्या बाजूचे खरे मुद्दे. ते हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत.

पहिला, हक्काचा. समोरची बाजू म्हणते, वेदीसेवा हा कोणाचा हक्क नाही. रोमनेही २००१ मध्ये तसं स्पष्ट केलं आहे, आणि बिशपांनी परवानगी दिली तरी फादरांवर मुली घेण्याची सक्ती नाही. अगदी बरोबर. म्हणूनच काळारामाची उपमा मला आवडली नाही. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली आमच्या या नाशिक शहरात जे लोक देवळाच्या दारांसमोर उभे राहिले, त्यांना माणूस म्हणून आत येणं नाकारलं होतं. आमच्या मंडळीतल्या अनेकांच्या पणज्या-पणजोबांनी गावचं देऊळ बाहेरूनच पाहिलं आहे; त्या आठवणीची किंमत आम्हाला कोणी सांगायला नको. म्हणूनच ती सुटे पैसे काढावेत तशी बैठकीत काढू नये. आमच्या चर्चमध्ये मुलीला दार बंद नाही. शिवाय बाबासाहेबांनीच १९३४ मध्ये दादासाहेब गायकवाडांना पत्र लिहून कळवलं होतं की मंदिरप्रवेशाची चळवळ केली ती लोक जागे व्हावेत म्हणून. आता ताकद राजकारणात आणि शिक्षणात लावावी. गाभाऱ्याजवळ पोचणं हेच अंतिम साध्य असं त्यांनीही धरलं नव्हतं. तेव्हा हक्काची भाषा सोडून देऊ. पण मग ती दोन्हीकडून सुटली पाहिजे. मुलीला हक्क नाही, तसा मुलालाही नाही. पिढ्यान्‌पिढ्या तो उभा राहिला म्हणून सातबारा त्याच्या नावावर चढत नाही.

दुसरा मुद्दा रोपवाटिकेचा, आणि हा सगळ्यात वजनदार. अनेक फादर तुम्हाला सांगतील की देवाची हाक पहिल्यांदा ऐकू आली ती वेदीसेवा करताना. बायबलमधल्या शमुवेलालाही ती एली याजकाच्या हाताखाली, मंदिरात झोपलेला असतानाच ऐकू आली. आमच्या तुकडीत आठ जण होतो. त्यातला एक आज फादर आहे, चांगला फादर आहे. पण मग उरलेले सात आम्ही कोण? नासलेली रोपं? आमच्यातला एक नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झाला, एकाचं सातपूरला वर्कशॉप आहे, मी शाळेत शिकवलं. आम्ही पाच-सहा वर्षं पहाटे उठून जे केलं, ते फक्त त्या आठव्यासाठी चाललेलं नाटक होतं का? आणि दुसरी गोष्ट. भारतात धर्मभगिनींची संख्या धर्मगुरूंपेक्षा कितीतरी जास्त आहे. या सगळ्या सिस्टरांना हाक कुठल्या वेदीवर ऐकू आली? त्यांना तर बालपणी वेदीची पायरीसुद्धा शिवू दिली नव्हती. जी रोपवाटिका नसतानाही एवढं पीक आलं, तिच्यावाचून सगळं वाळून जाईल, हा हिशेब मला लागत नाही.

याच्याच पोटात एक छोटा मुद्दा आहे: मुली आल्या की मुलगे गळतात. हे मीही पाहिलंय, नाकारत नाही. अकरा वर्षांच्या मुलाला त्याच्याहून नीट, वेळेवर आणि न हसता काम करणाऱ्या मुलीशेजारी उभं राहायला नको असतं. यावर साधा उपाय आहे: एका रविवारी मुलांची तुकडी, एका रविवारी मुलींची. त्याला तत्त्वज्ञान लागत नाही, वेळापत्रक लागतं.

तिसरा मुद्दा पावित्र्याचा. वेदीभोवती गर्दी झाली, कोणीही उठावं आणि कम्युनियन वाटावं अशी स्थिती आली, असं जुनी माणसं म्हणतात. इथे मी त्यांच्याबरोबर आहे, थोडा जास्तच. १९७३ मध्ये प्रापंचिकांना कम्युनियन वाटण्याची परवानगी आली ती अडचणीपुरती: धर्मगुरू आजारी, वृद्ध, किंवा माणसं फार. नाशिकरोडला बाल येशूच्या फेब्रुवारीतल्या यात्रेला अशी माणसं नसतील तर रांग संध्याकाळपर्यंत हलणार नाही. तिथे ती हवीतच. पण साध्या रविवारी, तीनशे माणसांसाठी, फादर वेदीवर असताना आणखी चार जण पुढे सरसावतात ते कशासाठी? सात मिनिटं वाचावीत म्हणून. त्या सात मिनिटांत लोक पार्किंगमधून गाडी काढतात. आणि याच चौघांपैकी कोणी उपनगरातल्या किंवा जेल रोडवरच्या चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत, खाटेला खिळलेल्या बाईकडे ख्रिस्तशरीर घेऊन किती वेळा गेला? माझी आई शेवटची दोन वर्षं घरात पडून होती. फादर दर महिन्याला आले, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. वेदीवर मात्र दर रविवारी चार जण होते.

म्हणजे जुन्या माणसांना जी गर्दी खटकते ती खरी आहे. तिचं कारण त्यांनी चुकीचं पकडलंय. पावित्र्य कमी होतं ते बाईच्या किंवा प्रापंचिकाच्या हाताने नव्हे. चर्चची शिकवण तर अशी की मरणाच्या दारातल्या बाळाला, योग्य हेतू असेल तर, कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. रात्रपाळीची नर्ससुद्धा, ती स्वतः ख्रिस्ती नसली तरी. पहिला संस्कार ज्या हातांना चालतो, त्यांच्या हातातल्या धूपदानाने काय विटाळेल? पावित्र्य जातं ते गरज नसताना नुसतं मिरवायला उभं राहिल्याने.

या सगळ्यात मला कीर्तन आठवतं. आमच्या जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांच्या पौषवारीत फडावर उभे राहून बघा. बुवा एक, मागे टाळकरी वीस-पंचवीस. बुवांनी चरण टाकला की मागून उचलला जातो. बुवांना दम घ्यायची जागा मिळते, श्रोत्याला म्हणायची वाट मिळते. त्या टाळकऱ्यांना कोणी बुवांचे नोकर म्हणत नाही, आणि त्यांतला एकही अर्धा बुवा म्हणवून घेत नाही. ते ऐकणाऱ्यांतलेच, फक्त दोन पावलं पुढे उभे. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती मंडळीत कीर्तन आणि भजन आणलं तेव्हा चालीबरोबर ही रचनाही आणली, असं मी मानतो. आपण चाली ठेवल्या.

नाशिकच्या शरणपूर रोडवरून रोज हजारो गाड्या जातात. एकोणिसाव्या शतकात या शरणपुरात, गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना मिशनऱ्यांनी शिकवलं. त्यांतला एक जेकब वेनराइट. १ मे १८७३ ला मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन आजच्या झांबियातल्या एका खेड्यात वारले. सोबतच्यांनी त्यांचं काळीज तिथेच एका झाडाखाली पुरलं आणि देह किनाऱ्याकडे नेला. पुरताना अंत्यविधीची प्रार्थना वाचली ती वेनराइटने, आणि झाडावर नाव-तारीख कोरली तीही त्यानेच. दीक्षित नव्हता. पाळक नव्हता. त्या रानात जमलेल्या माणसांत पुस्तक नीट वाचता येणारा होता, एवढीच त्याची पात्रता, आणि ती त्याला नाशिकने दिलेली. १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबेत लिव्हिंगस्टनची शवपेटी धरणाऱ्यांत तो होता. हा प्रोटेस्टंट इतिहास आहे, आमचा कॅथलिकांचा नाही, असं कोणी म्हणेल. तर मग नगर जिल्ह्यातल्या आमच्या धर्मशिक्षकांचं बघा, ज्यांना खेड्यात नुसतं मास्तर म्हणत. फादर घोड्यावरून कधीतरी यायचे. मधल्या रविवारी वस्तीला गोळा करून शास्त्र वाचायचं, मुलांकडून प्रार्थना पाठ करून घ्यायच्या, मरणाऱ्याच्या उशाशी बसायचं, हे मास्तर करत. त्यांना झगा नव्हता. पोप फ्रान्सिस यांनी मे २०२१ मध्ये धर्मशिक्षकाची सेवा विधिवत केली तेव्हा आमचे बहुतेक मास्तर मातीत गेले होते.

वेनराइटची गोष्ट मला दर रविवारी टोचते ती दुसऱ्या वाचनाच्या वेळी. नाव पुकारलं जातं, कोणीतरी उठतं, ‘थेस्सलनीकाकरांस’ या शब्दावर धडपडतं, पुढची तीन वाक्यं एका श्वासात गिळतं आणि जागेवर जातं. कोणाला काही कळत नाही आणि कोणी काही म्हणत नाही. याच नाशिकरोडला नोटेवरची रेघ हलली तर ती नोट बाद होते. देवाच्या वचनातली आख्खी ओळ हलली तर? मुलीने धूपदान धरावं की नाही यावर तीन महिने घालवणाऱ्या समितीने वाचकांची शनिवारची अर्ध्या तासाची तालीम एकदाही ठेवलेली नाही. मला विचाराल तर मंडळीचा खरा अपमान वेदीपाशी नाही, या वाचनाच्या स्टँडपाशी होतो.

मी स्वतः कसा सेवक होतो हेही सांगून टाकतो. दहा वर्षांचा असताना, डुलकी लागून दचकलो आणि नको तिथे घंटा वाजवली. अख्खं चर्च गुडघ्यावर गेलं. फादर अजून त्या प्रार्थनेपर्यंत पोचलेही नव्हते. त्यांनी वळून बघितलं, मी लाल झालो, लोक चुळबुळत उठले. घरी वडील रागावतील असं वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, ‘‘अरे, घंटा फादरांसाठी नसते. त्यांना माहीत असतं कुठे आलेत ते. मागे खांबाआड बसलेल्या आजीला दिसत नाही, तिच्यासाठी असते.’’

येत्या रविवारी समितीची पुन्हा बैठक आहे. विषयपत्रिका लागली आहे: एक, मुलींच्या झग्याचा रंग, दोन, ईस्टरची तयारी, तीन, आयत्या वेळचे विषय. तिसऱ्यात मी दोन कागद मागणार आहे. एक, कम्युनियन वाटणाऱ्यांच्या नावांचा. दुसरा, धर्मग्रामात जे घराबाहेर पडू शकत नाहीत त्यांच्या पत्त्यांचा. पहिला टाइप केलेला आहे, मला माहीत आहे.